आज्जीच्या वेढण्याचा टंच

सोन्याचा फोटो काढायला बसलं की फोटोत पहिल्यांदा मीच येतो. खरंच सांगतो. अंगठी म्हणजे चारी बाजूंनी वाकवलेला आरसा, त्यात माझा निळा टी-शर्ट येतो, खिडकीचे गज येतात, वरचा पंखा येतो, मागे चहाचा कप घेऊन "झालं का रे" म्हणत उभी असलेली आई येते, आणि या सगळ्या गर्दीत सोनं कुठं आहे ते शोधावं लागतं. लग्नाचे फोटो काढून पोट भरतो मी, नवरा-नवरी, रुखवत, रडणारे मामा, सगळं जमतं, पण अंगठी म्हटलं की अजून हात आखडतो. गिऱ्हाईकाची असली तर काहीतरी जुगाड करून देतो, गुलाबाच्या पाकळीवर ठेवली, मागचे दिवे ब्लर केले, झालं काम. या वेळी मात्र अंगठी घरची होती. धाकट्या बहिणीचा, पिंकीचा साखरपुडा. आणि आम्ही राहतो साखर पेठेत, त्यामुळं तो जोक तुम्ही करायच्या आधी मीच करून टाकतो, दोन महिने ऐकून कान किटलेत.

तारीख माघातली. गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची जत्रा झाली, संक्रांत झाली, पौष संपला आणि घरात एकदम पळापळ सुरू झाली. आमच्याकडची जावयाची अंगठी तयार होती, तिकडची पिंकीची अंगठी माप बघायला म्हणून तीन दिवस आमच्याकडं आली होती, म्हणजे दोन्ही एकत्र मिळायचा चान्स तेवढाच. पिंकीच्या डोक्यात फोटो आधीच काढून तयार होता, विड्याचं पान, सुपारी, आणि अंगठ्यांच्या भोवती अक्षता. अक्षता पण साध्या नाहीत, गड्ड्याच्या वेळी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं ना, त्या अक्षता सोहळ्यातल्या, पदरात गाठ मारून आणलेल्या. सोलापूरच्या माणसाला त्या अक्षतांना नाही म्हणता येत नाही. मी पण नाही म्हटलं नाही, लावल्या. आणि फोटोत काय आलं तर पिवळ्यावर पिवळं. हळदीचा तांदूळ सोन्यात उतरला, सोनं तांदळात मिसळलं, अंगठी कुठं संपते आणि भात कुठं सुरू होतो तेच कळेना.

त्यात आमच्या भिंतीला भिंत लागून टॉवेलचा कारखाना. यंत्रमागाचा खटाक-खटाक आवाज जन्मापासून ऐकतोय म्हणून आमच्या कानाला तो कळत नाही, पण मॅक्रो लेन्सला कळतो. गंमत अशी आहे की एवढ्या जवळून फोटो काढला की अंगठीची पुढची कड शार्प येते आणि मागची विरघळून जाते, म्हणून मग अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक करून ११ वर न्यायचं, फोकस केसभर केसभर सरकवत बारा-चौदा फोटो काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक चढवून एक करायचे. अ‍ॅपर्चर बारीक केलं की उजेड कमी पडतो, मग शटर हळू, एक अष्टमांश सेकंद वगैरे, आणि तेवढ्या वेळात शेजारचा माग टेबलाला जी थरथर देतो त्यात चौदाच्या चौदा फोटो वाया. शेवटी कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत शूटिंग करायचं ठरलं. रोज अर्धा तास. भोंगा वाजला की मी कॅमेऱ्याकडं पळतोय, आणि आई म्हणतीये, अरे तू पण जेव की.

तिसऱ्या दिवशी जमलं, आणि ते जमवलं ज्वारीनं. आईनं निवडून ठेवलेली परात समोर होती, मंगळवेढ्याची मालदांडी, टपोरी, मोत्यासारखी. सहज एक अंगठी त्यात रोवली तर उभी राहिली की! एरवी अंगठी उभी करायला खाली मेणाचा गोळा लावा, मग तो फोटोतून पुसत बसा, एवढे उद्योग करावे लागतात. दाणे पांढरट, त्यांचा रंग सोन्यावर चढत नाही, आणि आमच्याकडच्या फोटोत गुलाबापेक्षा ज्वारी शोभते असं माझं मत आहे, पिंकीचं नाही. वरून बटर पेपरचा तंबू केला, लेन्सपुरतं भोक ठेवलं, म्हणजे मी, पंखा, आई सगळे अंगठीतून बाहेर गेलो. तर आता अंगठी प्लॅस्टिकची दिसायला लागली. नुसता पांढरा उजेड पडला की सोनं मरतं. मग काळ्या कार्डपेपरची बोटभर रुंद पट्टी कापून अंगठीच्या बाजूला धरली, तिची काळी रेघ कडेवर उमटली आणि त्या क्षणी सोनं पिवळं झालं. इतकी वर्षं कॅमेरा हातात आहे पण हे मला आत्ता नीट कळलं, की सोनं उठून दिसतं ते शेजारच्या काळ्यामुळं.

दोन्ही अंगठ्या झाल्यावर पिंकी म्हणाली, आज्जीच्या वेढण्याचा पण काढ ना. वेढणं म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. सोन्याची साधी तार, बोटाला दोन-तीन वेढे घेतलेली, ना खडा ना नक्षी. आज्जीनं ते साबणाचं पाणी लावून ओढून काढलं, तर बोटावर वेढ्यांच्या खाली काळपट कडं. नेहमीसारखंच. आणि मॅक्रोमध्ये बघितलं तर दोन वेढ्यांच्या फटीत पीठ. ज्वारीचं पीठ, वाळून दगड झालेलं, किती वर्षांपूर्वीच्या भाकरीचं देव जाणे. टूथपिक घेतली साफ करायला आणि परत ठेवून दिली.

त्या काळ्या कड्याची गोष्ट सांगायची आहे मला, अंगठ्यांचं निमित्त.

आज्जीचं लग्न १९६४ सालचं. माहेर मंगळवेढ्याकडचं, वडील शेतकरी, चार पोरी. लग्नात त्यांनी तिला अर्धा तोळ्याचं हे वेढणं घातलं. सासरी, म्हणजे आमच्याच या घरात, पहिल्या उन्हाळ्यात घामानं बोट काळं पडलं आणि तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या पणजीनं ते बघितलं. झालं. "बापानं तांबं दिलं" हे वाक्य त्या दिवशी या घरात जन्माला आलं आणि पणजी जाईपर्यंत जिवंत राहिलं. सण असो, बारसं असो, पाहुण्या बायका बसल्या की "दाखव गं बोट". आज्जी दाखवायची. एकदा तिचे वडील स्वतः आले होते, दिवाळीला लेकीला न्यायला, त्यांच्यासमोर पणजीनं विषय काढला. ते खाली बघून एवढंच म्हणाले, "सध्या असंच मिळतंय, विहीणबाई," आणि चहा न घेता एसटी स्टँडला गेले. आज्जी सांगते, बाबांची मला त्या दिवशी लाज वाटली. गरिबी आहे म्हणून सरळ सांगायचं, असलं काय बोलायचं, असंच मिळतंय म्हणे. सोनं काय कांदे-बटाटे आहे का, सध्या असं मिळतंय म्हणायला. नंतर तिनं मनाशी ठरवलं की बाबांना सोनारानं फसवलं आणि बाबा लाजेनं बोलले नाहीत. तो सोनार कोण ते तिला माहीत नाही, पण शिव्या त्याला साठ वर्षं पडल्या.

तरी वेढणं तिनं काढलं नाही. का नाही काढलं ते मी कधी विचारलं नाही.

आता जावयाच्या अंगठीच्या वेळी सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलेलं, बाबांचं बजेट कोलमडलं, तेव्हा आज्जीनंच वेढणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "मोड घाला. जेवढं निघंल तेवढं निघंल." मी घेऊन सराफ कट्ट्यावर गेलो. ज्या दुकानात गेलो त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसानं कसोटीचा काळा दगड काढला, वेढणं घासलं, रेघ उमटली, तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला. शेजारी बावीस कॅरेटची रेघ ओढून ठेवली होती ती तशीच राहिली, आमची फिकी पडत पडत गेली. तो माणूस हसला. म्हणाला, तांबंच जास्त आहे बे यात, गाळल्यावर घट जाणार, अडीच ग्रॅमचे पैसे देतो, ते पण ओळखीमुळं. ओळख कसली, त्या दिवशी पहिल्यांदा बघत होता मला. मी म्हटलं वजन तर करा. वजन भरलं ५ ग्रॅम ७१०. आता जुना तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्याचा अर्धा ५.८३. साठ वर्षं रोज भाकऱ्या थापणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातातलं सोनं दीड गुंजही झिजलेलं नाही! आईच्या बावीस कॅरेटच्या बांगड्या वीस वर्षांत कागदासारख्या झाल्यात. तिथंच माझ्या डोक्यात काहीतरी वाजलं, काय ते कळलं नाही. वेढणं उचललं आणि बाहेर पडलो.

हॉलमार्किंग सेंटरमध्ये आपला जुना डाग, म्हणजे दागिना, घेऊन आपण स्वतः जाऊ शकतो हे लई जणांना माहीत नसतं. मला पण नव्हतं, एका कारागीर मित्रानं सांगितलं. चार डागांपर्यंत मिळून २०० रुपये आणि वर जीएसटी, टंच काढून लेखी देतात. टंच म्हणजे शंभरात सोनं किती. मला वाटलं आता भट्टी, धूर, असलं काहीतरी असेल, तर एक पोरगा एसीत बसलेला, झेरॉक्स मशिनीसारखा डबा, त्यात वेढणं ठेवलं, झाकण लावलं. आत एक्स-रे सोडतात, प्रत्येक धातू आपापल्या पद्धतीनं उलट चमकतो, त्यावरनं मशिन सांगतं सोनं किती, चांदी किती, तांबं किती. फक्त हे मशिन वरवरचं बघतं, कातडीपुरतं. एकदम पक्कं हवं तर तुकडा कापून आगीची परीक्षा, म्हणजे त्या तुकड्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा, भट्टीत छोट्या सच्छिद्र वाटीत ठेवायचा, शिसं वितळून तांब्याबिंब्याला घेऊन वाटीत मुरतं, वर उरतो सोन्या-चांदीचा मणी, तो पत्रा करून नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये उकळला की चांदी जाते आणि नुसतं सोनं उरतं, ते तोलायचं. सोन्याला आगीतून काढल्याशिवाय कळत नाही हे आपल्याकडं म्हणायला ठीक आहे, पण त्याच्यासाठी आज्जीच्या वेढण्याचा तुकडा पाडायला माझी तयारी नव्हती. मी म्हटलं वरवरचं चालेल.

स्लिप आली. सोनं ५८.४.

आकडा बघून मी गप्प. म्हणजे पणजी बरोबर होती, निम्म्याच्या आसपास तांबं-चांदी. तिथं बाकड्यावर एक म्हातारे कारागीर आपला माल घेऊन नंबर लागायची वाट बघत बसले होते, त्यांनी मान वाकडी करून स्लिप बघितली आणि विचारलं, "कुणाचं आहे?"

"आज्जीचं. लग्नातलं."

"लग्न कधीचं?"

"चौसष्ट सालचं."

"मग बरोबर आहे की!" ते एकदम खूश झाले, कोडं सुटल्यासारखे. "चौदा कॅरेटच्या काळातलं. चोख चौदा आहे. लई इमानदार माणसानं केलंय."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन परत वाचून काढलं. १९६२ ला चीनचं युद्ध झालं, परकीय चलनाची बोंब, सोन्याची तस्करी जोरात, तेव्हा मोरारजी देसाई अर्थमंत्री, त्यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. चौदा कॅरेटच्या वर नवीन दागिना करायचाच नाही. बावीसचा केला तर गुन्हा. लोकांचा सोन्याचा सोस कमी होईल अशी कल्पना. सोस कमी झाला नाही, चोरून बावीसचे दागिने होत राहिले, पण गावोगावच्या सोनारांचं मात्र पार मोडलं, हजारो जण बेकार झाले, कित्येकांनी जीव दिला. चौदाची अट १९६६ मध्ये उठली, पण मग १९६८ ला सुवर्ण नियंत्रण कायदाच आला आणि तो १९९० पर्यंत होता. म्हातारबाबा म्हणाले, "आमच्या वडलांनी ऐरण पोत्यात बांधून माळ्यावर टाकली आणि तीन वर्षं मागावर काम केलं. चौदाला लोक हात लावत नव्हते, लाल दिसतं, काळं पडतं म्हणायचे. तांबं आहे म्हटल्यावर पडणारच की काळं, घाम आणि मीठ लागल्यावर. पण झिजत नाही बघा. कडक."

चोवीसातले चौदा म्हणजे ५८.३३. मोबाईलवर भागाकार केला मी तिथंच उभा राहून. त्या अनोळखी सोनारानं कायद्यात बसेल तेवढं सगळं सोनं घातलं होतं, गुंजभर मारलं नव्हतं. आणि "सध्या असंच मिळतंय, विहीणबाई" हे अक्षरशः खरं होतं.

आता हॉलमार्कचा शिक्का बघितला की मला हेच आठवतं. लोकांना वाटतं शिक्का म्हणजे असली, शिक्का नाही म्हणजे नकली. तसं नाहीये ते. शिक्का फक्त किती ते सांगतो. बावीसला ९१६, अठराला ७५०, आणि चौदाला पण शिक्का आहे, ५८५, एकदम कायदेशीर, आता तर २०२५ पासून नऊ कॅरेटला पण ३७५ चा शिक्का मिळतो. म्हणजे जे १९६४ मध्ये माझ्या पणजीच्या जिभेवर साठून राहिलं ते आज मॉलमध्ये 'लाइटवेट डेली वेअर' म्हणून विकतात. उलट हिऱ्याची अंगठी असली तर बावीसमध्ये करतच नाहीत सहसा, मऊ पडतं, खडा धरून ठेवत नाही. पिंकीला तिकडून आलेली अंगठी अठराची आहे, ७५० चा शिक्का, तर आमच्या आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "बावीस नाही?" तिला समजावून सांगेपर्यंत माझा घसा बसला. हीच आत्या कौतुकानं "माझं केडीएमचं आहे" म्हणून सांगते. केडीएम ही शुद्धता नाहीच आहे, जोड द्यायला सोन्यात कॅडमियम मिसळायचे त्याचं ते नाव, त्याची वाफ कारागिरांच्या छातीत जायची म्हणून बंद केलं, पण नाव मात्र दर्जा असल्यासारखं चिकटून बसलंय.

आपल्याकडं सोन्याचं हॉलमार्किंग २००० सालापासून आहे पण मर्जीचा मामला होता, १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०२३ पासून तर सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा नवीन दागिना विकता येत नाही. तीन खुणा बघायच्या, बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा त्रिकोणी लोगो, शुद्धता, आणि तो सहाचा नंबर. प्रत्येक डागाचा नंबर वेगळा, आधार कार्डासारखा. दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला सूट आहे, म्हणून पिंकीच्या चमकीवर काही नाही, तिनं उगाच सोनाराशी भांडण काढलं होतं. हॉलमार्कमधला हॉल म्हणजे लंडनचा सोनारांचा हॉल, पंधराव्या शतकात तिथल्या कारागिरांना माल तिथं नेऊन शिक्का मारून घ्यावा लागायचा. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले हॉलवरनं आठवलं, कार्यालयाचा अ‍ॅडव्हान्स द्यायचा राहिलाय.

तर वेढणं मोडलं नाही. बाबांनी एक एफडी मोडली आणि जावयाची अंगठी नव्या सोन्याची झाली, बावीस कॅरेट, बिलावर हॉलमार्किंगचे ४५ रुपये वेगळे लावलेले. फोटोच्या त्या तिसऱ्या दिवशी अर्ध्या तासातली दहा मिनिटं उरली होती, तर मी म्हटलं आतला शिक्का पण काढून ठेवू, नंबर अ‍ॅपमध्ये तपासून घेऊ. अंगठीच्या आतल्या अंगाला लेझरनं कोरलेली अक्षरं, मिलिमीटरभर पण नाहीत. भिंग लावून पिंकीनं वाचला, मी बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला. असा नंबरच नाही म्हणे. परत टाकला, परत तेच. आई मटकन् खाली बसली. बाबा चप्पल घालून दुकानाकडं निघाले पण, मी दारात अडवलं त्यांना. आत्याला फोनवर कुणी सांगितलं माहीत नाही पण पाच मिनिटांत तिचा फोन, "मी म्हटलं नव्हतं का". घरात परत तीच हवा, "तांबं दिलं"ची. साठ वर्षं मागं गेलो आम्ही पाच मिनिटांत.

मी बटर पेपर काढून टाकला. कोरलेल्या अक्षरावर समोरून उजेड मारला की ते सपाट होऊन जातं, उजेड जमिनीलगत आडवा यावा लागतो, संध्याकाळच्या उन्हात शेतातली ढेकळं कशी उठून दिसतात तसा. मोबाईलची टॉर्च टेबलाला टेकवून तिरकी धरली पिंकीनं, मी मॅक्रो अगदी शेवटापर्यंत नेली, श्वास रोखला, शेजारचा माग सुरू व्हायला दोन मिनिटं होती. स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर जे अक्षर आम्ही 'ई' म्हणून वाचत होतो ते 'एफ' होतं, खाली पॉलिशचा एक आडवा ओरखडा आला होता, त्यानं एफचा ई केला होता. नवा नंबर टाकला. आलं सगळं, अंगठी, बावीस कॅरेट ९१६, ज्वेलरचा नोंदणी नंबर, सेंटरचं नाव, हॉलमार्क केल्याची तारीख. आईनं देवासमोर साखर ठेवली. बाबांनी चप्पल काढली. शेजारी भोंगा झाला आणि माग सुरू झाला, खटाक-खटाक.

या सगळ्या गोंधळात आज्जी खिडकीशी बसून होती. वेढणं परत बोटात घातलेलं. तिला स्लिप आणि कायद्याची गोष्ट मी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितली होती, मला वाटलेलं रडेल, बाबांची आठवण काढेल, मी तर कॅमेरा पण जवळ ठेवला होता, लाज वाटते सांगायला. तिनं "बरं" म्हटलं होतं आणि भाकरी टाकायला गेली होती. स्लिप मात्र मागून घेतली आणि औषधाच्या डब्यात ठेवली.

आता ती म्हणाली, "तो चौदाचा कायदा. तो पेपरात आला होता का रे?"

म्हटलं, "आला होता म्हणजे काय, महिनोन् महिने तेच असणार पेपरात. मोर्चे, उपोषणं, रेडिओवर पण. सगळ्या देशाला माहीत होतं."

"सगळ्यांना?"

"म्हणजे वाचणाऱ्यांना."

ती वेढणं बोटातल्या बोटात फिरवत राहिली. माझे आजोबा मिलमध्ये होते, लक्ष्मी-विष्णूला. सकाळची पाळी असो नाहीतर रात्रीची, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचल्याशिवाय जेवायचे नाहीत अशी त्यांची ख्याती, ते गेल्यावर पण त्यांच्या फोटोखाली बाबांनी कित्येक दिवस पेपर ठेवला होता.

"बाबा मला न्यायला आले होते ना दिवाळीला," आज्जी म्हणाली, "सासूबाई बोलल्या. बाबा म्हणाले असंच मिळतंय. तेव्हा हे तिथंच होते. खुर्चीत. पेपर वाचत."

पिंकीनं माझ्याकडं बघितलं. मी लेन्सला झाकण लावत होतो, ते लागेना.

"सासूबाईंना तर वाचता येत नव्हतं," आज्जी म्हणाली आणि उठून आत गेली.

बाहेरच्या खोलीत तीन फोटो आहेत, पणजोबा, पणजी आणि आजोबा. रोज सकाळी आंघोळ झाल्यावर आज्जी तिन्ही फोटोंना फूल घालते, दारच्या तगरीचं, माझ्या आठवणीत एक दिवस चुकलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी बॅटरी चार्जिंगला लावायला तिथं गेलो तर पणजीला दोन फुलं होती. पणजोबांना एक. आजोबांच्या फोटोला नव्हतं.

साखरपुड्याच्या दिवशी पण नव्हतं.